कोयत्याची घडण आणि रानातील परीक्षा

साखळीच्या सोमवारच्या बाजारात भाजीपाला, सुकी मासळी आणि मातीची भांडी यांच्या गर्दीत एखाद्या कोपऱ्यात पोते अंथरलेले दिसते. त्यावर कोयते, कोयत्या, विळे, खुरपी आणि कुऱ्हाडीची पाती मांडलेली असतात. जाणता शेतकरी तेथे येतो तेव्हा प्रथम किंमत विचारीत नाही. तो कोयता उचलून मूठ आवळतो, मनगट दोनतीन वेळा फिरवितो, पाते डोळ्यांसमोर आडवे धरून धारेची रेषा सरळ आहे की नाही ते पाहतो. मग नखाने पात्यावर टिचकी मारून कान देतो. स्वच्छ खणखणीत नाद आला तर तो पुढे बोलतो. बद्द आवाज आला तर कोयता जागेवर ठेवून निघून जातो, आणि विकणाराही त्याला थांबवीत नाही. दोघांनाही कारण ठाऊक असते.

ही टिचकी म्हणजे परीक्षेचा केवळ आरंभ होय. खरी परीक्षा पुढे रानात व्हावयाची असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती परीक्षा, आणि तिच्यामुळे लोहार व कोयत्याचा धनी यांच्यामध्ये जो व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे तो व्यवहार, हा आहे.

परदेशांत, आणि आता भारतातील मोठ्या शहरांतही, रानावनात जवळ बाळगावयाच्या हातघडणीच्या सुऱ्यांचा एक मोठा छंद आहे. हौशी मनुष्य आपल्या पंजाचे माप कारागिराला कळवितो, पात्याची लांबी, पोलादाची जात आणि मुठीचे लाकूड सांगतो, महिनोन्महिने वाट पाहतो आणि सुरी हाती आली म्हणजे ती डोंगरात नेऊन लाकूड फोडून, दोर कापून पारखतो. या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यात वस्तूविषयी आदर आहे. परंतु डिचोली तालुक्यात, सत्तरीत आणि पेडण्याच्या डोंगरउतारांवर हाच सगळा क्रम छंद म्हणून नव्हे, तर पोटासाठी चालत आला, आणि त्याला कोणी वेगळे नाव दिले नाही. मापाचा कोयता सांगून करवून घेणे ही तेथे चैन नव्हती. डावखुऱ्या माणसाचा कोयता उजव्याच्या कोयत्यासारखा घासलेला चालत नाही, आणि उंच माणसाला आखूड मूठ दिली तर दिवसअखेर त्याची कंबर बोलू लागते, इतकी साधी ही गोष्ट आहे.

कोयत्याचा आकार ज्या त्या भूमीने ठरविला आहे. नेपाळची खुकरी, मलायाचा पारांग, दक्षिण अमेरिकेतील लांब पातळ मॅचेटी ही सर्व एकाच गरजेतून जन्मलेली भावंडे. मात्र प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या रानाची खूण आहे. मॅचेटी ओल्या, मऊ, दाट झुडपांसाठी पातळ झाली. खुकरीचे वजन पुढे गेले, कारण तिला सुके लाकूड फोडावयाचे असते. साखळीकडील कोयत्याच्या टोकाला आत वळलेली चोच असते. ती शोभेसाठी नाही. काजूच्या बागेत फेब्रुवारीपासून बोंडे पडू लागतात. त्याआधी झाडाखालचे रान तोडून जमीन मोकळी करावी लागते, नाहीतर गळलेले बोंड सापडत नाही. हे रान तोडताना कोयता बुंध्याशी, जमिनीलगत चालतो, आणि जमीन कोणती? जांभ्या दगडाची. सरळ पात्याची धार जांभ्यावर एकदा आपटली की दिवस फुकट गेला असे समजावे. चोचीचा कोयता चुकला तर बहुधा चोच आधी दगडाला लागते आणि धार वाचते. शिवाय त्याच चोचीने काट्याची फांदी जवळ ओढता येते, हात काट्यात घालावा लागत नाही. कुळागरात सुपारी, नारळ, केळी आणि मिरीवेल यांच्या दाटीत काम करणाऱ्याला कोयती लहान व हलकी लागते, कारण तेथे मोठा हात फिरविला तर नको ती वेल तुटते.

आता पोलादाविषयी. येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. डिचोली तालुका म्हणजे लोहखनिजाचा तालुका. १९५० च्या दशकापासून येथील खनिज नदीतील बार्जींतून मुरगावला आणि तेथून जपानसारख्या देशांस जात राहिले. साखळीच्या परिसरातील टेकड्या त्यासाठी उकरल्या गेल्या. पण त्या खनिजाचा एक खडाही साखळीच्या लोहाराच्या ऐरणीवर आला नाही. त्याच्याकडे आला तो खनिज वाहणाऱ्या ट्रकचा मोडका कमानपाटा! अतिभाराने आणि खड्ड्यांनी तुटलेले हे पाटे भंगारात स्वस्त मिळत, आणि कोयत्यासाठी त्याहून चांगले पोलाद सहजी मिळणे कठीण. घरबांधणीच्या साध्या सळईत कर्बाचे प्रमाण शेकडा पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. अशा लोखंडास कितीही पाणी पाजले तरी टिकाऊ धार येत नाही. कमानपाट्यात हे प्रमाण शेकडा अर्धा ते पाऊण भागांच्या दरम्यान असते. म्हणून ते पाणी धरते, शिवाय मुळात लवचीक असण्यासाठीच बनविलेले असल्यामुळे आघात सोसते. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या तेव्हा घरोघरी ट्रक उभे राहिले. ती कुटुंबे कोणत्या अडचणीत सापडली हे या तालुक्यात कोणास सांगावयास नको.

वापरलेल्या पाट्यात एक धोका मात्र असतो. वर्षानुवर्षे वाकून वाकून त्यात डोळ्यांस न दिसणारे तडे गेलेले असतात. म्हणून चांगला लोहार पाटा तापवून त्याचा रंग न्याहाळतो. तडा गेलेल्या जागी काळसर रेघ उमटते, तो भाग तो छिन्नीने तोडून टाकतो. जो हे करीत नाही त्याचा कोयता पुढे कधीतरी, कोणाच्या तरी हातात, दोन तुकडे होतो.

गोव्यात लोहारकाम आणि सुतारकाम करणाऱ्या घराण्यांपैकी अनेक च्यारी आडनावाची आहेत. त्यांच्या लोहारसाळेत भाता, ऐरण, घण, सांडशी आणि पाण्याचे डोणे एवढाच संसार. भात्याच्या जागी बहुतेक ठिकाणी पंखा आला आहे. कोळसा लाकडाचा किंवा करवंट्यांचा. पाते ठोकून आकारास आणणे हे कष्टाचे काम खरे, परंतु कोयत्याचे भवितव्य ठरते ते शेवटच्या काही क्षणांत, पाणी देताना. हा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व परीक्षा त्यावरच उभी आहे.

पाते तापून पिकल्या चेरीसारखे लाल झाले की पोलादाची आतील घडण बदलते. याच सुमारास ते लोहचुंबकास चिकटेनासे होते. जुने लोहार हा रंग ओळखण्यासाठी साळेत मुद्दाम अंधार ठेवीत, कारण उन्हात रंग फसवितो. त्या अवस्थेत पाते पाण्यात बुडविले तर ते अत्यंत कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. सबंध कोयता असा बुडविला तर पहिल्याच फटक्यात तो तुटावयाचा. म्हणून लोहार केवळ धारेची कड, बोटभर रुंदीची, पाण्यात धरतो आणि लगेच वर काढतो. पात्याची पाठ अजून गरमच असते. मग तो धारेचा भाग दगडावर झटकन घासून उजळ करतो आणि पाहत राहतो. पाठीची उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागते आणि त्या उजळ पट्टीवर रंग चालू लागतात. प्रथम वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला दिसतो, निळा ३०० च्या सुमारास. जसजसा रंग पुढे सरकतो तसतशी धार थोडी मऊ आणि अधिक चिवट होते. लोहाराला हवा असलेला रंग धारेवर पोहोचला की तो पाते पाण्यात टाकून ती चाल थांबवितो.

कोणता रंग हवा? येथेच गिऱ्हाईक कोण हा प्रश्न येतो. माडाची सूर काढणारा रेंदेर आपल्या कातीने पोयीची पातळ चकती काढतो. त्यास वस्तऱ्यासारखी धार लागते आणि जोराचा घाव घालावयाचा नसतो. त्याच्या कातीला पिवळसर रंगावर थांबणे योग्य. काजूच्या रानात सुक्या फांद्या तोडणाऱ्याच्या कोयत्यास मात्र जांभळ्यापर्यंत न्यावे लागते, नाहीतर धारेच्या खपल्या उडतात. रानात जाणारा मनुष्य कोणते काम करतो हे ज्याला ठाऊक नाही, त्या लोहाराने दिलेले पाणी केवळ नशिबाने बरोबर येते.

रानातील परीक्षेचे तंत्र कोणी लिहून ठेवलेले नाही, तरी ते सर्वत्र जवळजवळ सारखे आढळते. प्रथम कानस. धारेवर कानस अलगद घसरली पाहिजे आणि पाठीवर तिने थोडे चावले पाहिजे. धारेवरही चावली तर पाणी बसले नाही. पाठीवरही घसरली तर सबंध पाते ठिसूळ आहे. नंतर सुका बांबू, आणि तोही पेरावर, कारण दोन पेरांमधील नळी कोणीही तोडील. नंतर नारळाचे सोडण, त्यात धार अडकते की सरकते हे कळते. शेवटी वाळलेली काजूची फांदी. पाचपंचवीस घाव झाल्यावर धार उजेडात धरून पाहावयाची. धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसली तर ती बोथटली. एका बाजूस वळली असेल तर पाणी कमी पडले. बारीक दाते पडले असतील तर पाणी जास्त झाले. हे निदान अगदी निश्चित असून त्यावर उपायही निश्चित आहेत: वळणारे पाते पुन्हा तापवून पाणी द्यावयाचे, दाते पडणारे पाते थोडे गरम करून रंग एक पायरी पुढे न्यावयाचा. दोन्ही कामे लोहाराकडे अर्ध्या दिवसात होतात.

अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही हातघडणीची पाती करणाऱ्या लोहारांची संस्था आहे. तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडविलेल्या सुरीने मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडावयाचा असतो. त्याच सुरीने इमारती लाकडाचा सोट दोन वेळा तोडावयाचा. त्यानंतरही तिने हातावरचे केस उतरले पाहिजेत. आणि सरतेशेवटी सुरी शेगड्यात आवळून काटकोनात वाकविली असता ती मोडता कामा नये. कठीण धार आणि चिवट पाठ एकाच पात्यात आहेत की नाहीत, एवढेच ही परीक्षा विचारते. बांबूचे पेर आणि काजूची फांदीही तेच विचारतात. फरक असा की अमेरिकेत परीक्षेची सुरी वाकवून नष्ट होते आणि लोहाराला प्रमाणपत्र मिळते. साखळीत कोयता दुसऱ्या दिवशी कामावर जातो आणि लोहाराला, काम जमले असेल तर, पुढच्या वर्षी शेजारचा गिऱ्हाईक मिळतो.

परत जाणे, हा या व्यवहाराचा कणा आहे. नवा कोयता घेतलेला शेतकरी पंधरा दिवसांनी लोहारसाळेत डोकावतो आणि धार कशी वागली ते सांगतो. लोहार त्यातून शिकतो. अमुक जातीच्या पाट्याला एवढेच पाणी पुरते, अमुक वाड्यावरची जमीन जास्त खडकाळ आहे, अमुक घरातील मंडळी कोयता नारळ सोलण्यासही वापरतात, असे ज्ञान त्याच्याकडे साठत जाते. हे ज्ञान त्याचे एकट्याचे नाही. अर्धे ते गिऱ्हाइकाच्या मनगटात असते. म्हणून लोहारसाळ बंद होते तेव्हा एक दुकान बंद होते एवढेच नव्हे. चांगला कोयता कोणता हे ओळखणाऱ्या माणसांची परीक्षाही हळूहळू बंद पडते, आणि मग बाजारात काय येते यावर कोणाचा लगाम राहत नाही.

बाजारात जे येते ते पाहण्यासारखे आहे. साध्या पत्र्यातून दाबयंत्राने कापलेला, काळा रंग फासलेला, मुठीशी वेल्डिंग केलेला कोयता हातघडणीच्या कोयत्याहून पुष्कळ स्वस्त मिळतो. घरात शहाळे फोडण्यास तो चालेल. पण पाडेलीच्या कमरेला तो लटकू नये. पंधरावीस मीटर उंच माडावर चढलेला पाडेली एका हाताने झावळीचा देठ धरतो आणि दुसऱ्या हाताने घडाच्या दांड्यावर घाव घालतो. धार बोथट असली तर एका घावाच्या जागी तीन घाव लागतात, आणि प्रत्येक जादा घावात शरीराचा तोल जातो. मुठीतून पाते निसटले तर खाली नारळ गोळा करणाऱ्या माणसांवर पडते. जमिनीवर जी खोट त्रासदायक ठरते तीच माडाच्या शेंड्यावर प्राणघातक ठरू शकते. पाडेली मिळत नाहीत अशी बागायतदारांची तक्रार सर्वत्र ऐकू येते. जे आहेत त्यांच्या हाती काय हत्यार आहे हे किती बागायतदार पाहतात?

मुठीची परीक्षाही म्हणूनच पात्याइतकीच महत्त्वाची आहे. धामणीचे लाकूड आघात सोसते, म्हणून हत्यारांच्या दांड्यांसाठी ते जुन्या काळापासून नावाजलेले आहे. लाकूड कोणतेही असो, ते पूर्ण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि पाते हलू लागते. पात्याचे शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत गेले आहे आणि तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसले आहे, हे घेतानाच पाहावे. पाते पोटाशी न धरता बाजूला धरून मूठ दगडावर उलटी आपटावी. खुळखुळ ऐकू आली तर ती मूठ बदलून घ्यावी. कमरेच्या मागे कोयता अडकविण्याची आकडी हीसुद्धा या हत्याराचाच भाग आहे. आकडीतून कोयता एका हाताने, न पाहता, काढता आणि ठेवता आला पाहिजे. आकडीच्या तोंडापेक्षा पाठ जाड असेल तर तो अडकतो, फार पातळ असेल तर चढताना निसटतो.

चांगले हत्यार बिघडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या चाकावर त्याला कोरडी धार लावणे. ठिणग्या उडतात, धार क्षणात चकाकते, आणि गिऱ्हाईक खूष होऊन जातो. पण धारेवर निळा डाग दिसला की तेथले पाणी उतरले असे समजावे. लोहाराने काळजीने पिवळ्याजांभळ्यावर थांबविलेले काम चाकाने पुढे ढकलून मातीमोल केलेले असते. यंत्रच वापरावयाचे तर पाते दर दोन क्षणांनी पाण्यात बुडवावे. त्यापेक्षा ओला निसणा आणि दहा मिनिटांचा सबूर बरा.

अधिकारी मंडळींसाठी दोन गोष्टी. शस्त्रास्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे. परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली हत्यारे त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. शेतावर जाणाऱ्याचा कोयता म्हणजे शस्त्र नव्हे. तथापि बाजारात, बसमध्ये किंवा जत्रेच्या गर्दीत तो उघडा नेणे शहाणपणाचे नाही. गोणपाटात गुंडाळून नेण्याची जुनी रीत उत्तम आहे. दुसरी गोष्ट रानात हौसेने जाणाऱ्या तरुणांसाठी अधिक महत्त्वाची आहे. साखळीहून वाळपईमार्गे पुढे गेले की १९९९ साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात हत्यार घेऊन प्रवेश करता येत नाही, आणि त्या अधिनियमातील ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे. हातघडणीची महागडी सुरी पारखण्यासाठी अभयारण्य ही जागा नव्हे. स्वतःची काजूची बाग किंवा मित्राचे कुळागर असेल तर तेथे काम करून ती पारखावी. बागेच्या धन्याचाही त्यात फायदा आहे.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा तसेच हातोडा व अवजारे बनविणाऱ्यांचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज अशी तिची रचना आहे. साखळी परिसरातील कारागिरांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी. मात्र कर्जाने भट्टी येते, पंखा येतो, विजेचा घण येतो. पंधरा दिवसांनी परत येऊन धार कशी वागली ते सांगणारे गिऱ्हाईक कर्जाने येत नाही. ते काम बागायतदारांचे आहे. शिक्षकांनाही येथे वाव आहे. सातवी-आठवीच्या मुलांना लोहारसाळेत अर्धा तास उभे करून पात्यावर चालणारे रंग दाखविले, तर उष्णतेचे वहन हा धडा फळ्यावर काढलेल्या कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर समजेल. मात्र मुले भट्टीपासून दूर उभी राहतील एवढी खबरदारी घ्यावी.

पावसाळ्यात कोयत्याचा खरा शत्रू गंज. जूनमध्ये काम संपले की पाते चिंचेच्या कोळाने किंवा राखेने घासून स्वच्छ करावे, चिंच लावली असेल तर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, आणि करंजेल अथवा खोबरेल लावून चुलीजवळच्या कोरड्या जागी टांगावे. कातडी म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. मुठीलाही तेल द्यावे. मध्ये एकदा, नागपंचमीच्या सुमारास, उतरवून पाहावे.

खंडेनवमीच्या दिवशी हत्यारे धुऊन, गंधफूल वाहून पुजली जातात आणि त्या दिवशी त्यांनी काम करावयाचे नसते. लोहाराच्या ऐरणीचीही पूजा होते, भट्टी थंड असते. दसरा झाला की काजूच्या बागेतील रान तोडण्यास फार दिवस उरत नाहीत. ज्यांच्या कोयत्यांना गेल्या हंगामात दाते पडले असतील त्यांनी ते तेव्हाच साळेत नेऊन द्यावेत, आणि देताना धार कोणत्या झाडावर, कोणत्या जमिनीत मोडली हेही लोहाराला सांगावे.